31 मार्चपर्यंत कोळशाचा हिशेब द्या

हा जाहीर इशारा आहे. तो दिल्लीतल्या पर्यावरण आणि ऊर्जा मंत्रालयांना आहे, आणि मुंबईत बसून औष्णिक संचांच्या फायलींवर सह्या करणाऱ्या महाराष्ट्र शासनालाही आहे. हरितगृह वायू कमी करण्याबाबत भारताने जगासमोर जे शब्द दिले, त्यांचा हिशेब या देशातल्या नागरिकांना आजवर मिळालेला नाही. तो येत्या 31 मार्चपर्यंत हवा आहे. मिळाला नाही तर काय करणार, तेही पुढे लिहिले आहे. पूर्वसूचना नव्हती, अशी तक्रार नंतर कोणी करू नये.

आधी दिलेल्या शब्दांची उजळणी करू. 2009 साली कोपनहेगनच्या परिषदेआधी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लोकसभेत सांगितले की 2020पर्यंत भारत आपल्या अर्थव्यवस्थेची उत्सर्जन-तीव्रता 2005च्या तुलनेत 20 ते 25 टक्क्यांनी कमी करेल. 2015 साली, गांधी जयंतीला, आपण पॅरिस परिषदेसाठी वचननामा दिला. 2030पर्यंत तीव्रता 33 ते 35 टक्क्यांनी घटवू, विजेच्या स्थापित क्षमतेतला 40 टक्के वाटा जीवाश्म इंधनाविना असेल आणि वनांमध्ये अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड साठवू, असे त्यात होते. पुढच्या वर्षीच्या गांधी जयंतीला पॅरिस कराराला मान्यता दिली. आणि 1 नोव्हेंबर 2021 रोजी ग्लासगोत पंतप्रधानांनी ‘पंचामृत’ जाहीर केले.

पंचामृतातली पाच वचने लोकांना तोंडपाठ झाली, कारण ती जाहिरातींत आली. 2030पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता. देशाची निम्मी ऊर्जागरज अक्षय स्रोतांतून. 2030पर्यंतच्या अपेक्षित उत्सर्जनात एक अब्ज टनांची कपात. तीव्रतेत 45 टक्के घट. 2070पर्यंत निव्वळ शून्य.

नऊ महिन्यांनी, ऑगस्ट 2022मध्ये, हीच वचने संयुक्त राष्ट्रांकडे लेखी गेली तेव्हा त्यांचे काय झाले, ते मात्र जाहिरातीत आले नाही. 500 गिगावॅटचा आकडा लेखी वचनात नव्हता. अब्ज टनांची कपातही नव्हती. ‘निम्मी ऊर्जागरज’ जाऊन तिथे ‘निम्मी स्थापित वीजक्षमता’ आली, तीही तंत्रज्ञान हस्तांतर आणि स्वस्त कर्जाच्या अटीसह. व्यासपीठावर पाच वचने दिली आणि कागदावर दोन धड उतरली. ही काटछाट कोणी केली, कोणत्या बैठकीत केली, संसदेत तिच्यावर किती वेळ चर्चा झाली? आमचा पहिला प्रश्न हाच आहे.

ऊर्जागरज आणि स्थापित क्षमता यांतला फरक कुठल्याही वीज केंद्रातला कामगार सांगेल. ऊर्जेत गाड्यांचे पेट्रोल-डिझेल येते, कारखान्यांच्या भट्ट्या येतात, सिमेंट-पोलाद येते, चूलही येते. वीज हा तिचा एक भाग. त्या विजेतही क्षमता म्हणजे उभा असलेला संच, आणि निर्मिती म्हणजे त्यातून प्रत्यक्ष निघालेली युनिटे. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही. कोळशाचा संच रात्रंदिवस चालतो. 30 जून 2025 रोजी देशाची स्थापित क्षमता सुमारे 485 गिगावॅट होती आणि त्यातली निम्म्याहून किंचित जास्त बिगर-जीवाश्म होती. लक्ष्य पाच वर्षे आधीच गाठले म्हणून पेढे वाटले गेले. त्या दिवशीही देशात तयार होणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा, ढोबळमानाने चार युनिटांतली तीन, कोळशातूनच येत होता. लक्ष्य गाठले हे खरे. ते आधीच गाठता येईल असे बेतले होते, हेही खरे.

तीव्रतेची गोष्ट याहून फसवी आहे. तीव्रता म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे किती वायू सोडला. सरकारने डिसेंबर 2024मध्ये संयुक्त राष्ट्रांना कळवले की 2005 ते 2020 या काळात ती 36 टक्क्यांनी घटली. अभिनंदन. पण एकूण उत्सर्जन? सरकारच्याच अहवालांप्रमाणे, वने आणि जमीन वगळून, 2010 साली ते सुमारे 214 कोटी टन होते आणि 2019 साली सुमारे 313 कोटी टन झाले. माझे कर्ज पगाराच्या प्रमाणात कमी झाले हो, असे सांगत दरवर्षी नवे कर्ज काढणारा माणूस आपण पाहिलेला असतो. सावकार पगाराचे प्रमाण बघत नाही, मुद्दल बघतो. वातावरणही टनच मोजते.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. दीडशे वर्षे धूर ओकून श्रीमंत झालेले देश आज आपल्याला संयम शिकवतात. त्यांचे वागणे तरी काय? कॅनडाने क्योटो करारात उत्सर्जन 1990च्या तुलनेत 6 टक्क्यांनी घटवण्याचे कबूल केले, लक्ष्य हुकणार हे दिसल्यावर डिसेंबर 2011मध्ये करारातूनच बाहेर पडण्याची घोषणा केली, आणि त्याबद्दल दमडीचा दंड भरला नाही. अमेरिका पॅरिस करारातून एकदा बाहेर पडली, परत आली आणि जानेवारी 2025मध्ये पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही झाली. हवामानासाठी गरीब देशांना वर्षाला 100 अब्ज डॉलर देण्याचे श्रीमंत देशांचे वचन 2020पर्यंत पाळायचे होते, ते 2022 साली पाळले गेले. बाकूच्या हवामान परिषदेत पुढचा आकडा 300 अब्ज ठरला तेव्हा भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभागृहात त्याला दृष्टिभ्रम म्हटले. बरोबरच म्हटले.

पण हा युक्तिवाद बाकूत करायचा असतो. चंद्रपुरात तो चालत नाही. 2,920 मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राच्या सावलीत राहणाऱ्या, भोवती वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी असलेल्या, उन्हाळ्यात 45 अंशांपलीकडे भाजून निघणाऱ्या शहराला दरडोई सरासरीचे काय कौतुक? ती सरासरी कमी आहे ती गरिबांमुळे. ज्याच्या घरी एक बल्ब आणि एक पंखा आहे, त्याच्या कमी वापराची ढाल करून जो नवा कोळसा-संच उभा राहतो, त्याची राख मात्र त्याच माणसाच्या विहिरीत येते. जुलै 2022च्या पावसात कोराडी-खापरखेड्याजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ नाल्यांतून, शेतांतून वाहत गेला, तेव्हा त्या शेतकऱ्यांचे दरडोई उत्सर्जन कोणी विचारले नव्हते.

वचन देताना एक आणि घरी करताना दुसरे, ही सवय किती मुरलेली आहे, त्याचे सर्वांत बोलके उदाहरण कोळशावरच्या उपकराचे आहे. 2010 साली टनामागे 50 रुपयांनी तो सुरू झाला आणि 2016पर्यंत 400 रुपयांवर गेला. 2015च्या वचननाम्यात आपण तो जगाला अभिमानाने दाखवला: बघा, आम्ही स्वतःहून कोळशावर कर लावतो आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेचा निधी उभा करतो. 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि हा पैसा राज्यांची महसुली तूट भरून काढायला वळवला गेला. तोवर 86 हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाले होते. स्वच्छ ऊर्जा निधीच्या खात्यावर पोचले त्यातले 29 हजार कोटींच्या आसपास, आणि प्रकल्पांवर खर्च झाले ते त्याहूनही कमी. सप्टेंबर 2025मध्ये तो उपकरही संपला. कोळशावर आता 18 टक्के कर आहे आणि तो सरकारच्या सामान्य तिजोरीत जातो. जगाला दाखवलेला निधी असा विरून गेला. कोणा मंत्र्याने खुलासा केल्याचे आमच्या वाचनात नाही.

तीच गत गंधकाच्या धुराची. तो हरितगृह वायू नव्हे, पण वचनाचा कस तिथेही दिसतो. डिसेंबर 2015मध्ये औष्णिक केंद्रांच्या धुरातले सल्फर डायऑक्साइड अडवणारी यंत्रणा दोन वर्षांत बसवण्याचा नियम झाला. मुदत 2022पर्यंत गेली, मग आणखी पुढे, मग आणखी. जुलै 2025मध्ये देशातल्या सुमारे 78 टक्के संचांना त्यातून सूटच मिळाली. दहा वर्षे मुदती वाढवून शेवटी नियमच सोडून देणाऱ्या व्यवस्थेने 2070ची तारीख दिली, तर तिच्यावर कोणत्या आधारावर विश्वास ठेवायचा? त्या वर्षी आज सही करणाऱ्यांपैकी कोणीही खुर्चीवर नसेल.

आणि कोळसा घटण्याऐवजी वाढतो आहे. 2024-25मध्ये देशाने प्रथमच 100 कोटी टनांहून अधिक कोळसा काढला, आणि सरकारने तो विक्रम म्हणून साजरा केला. 2031-32पर्यंत किमान 80 गिगावॅट नवी औष्णिक क्षमता उभारण्याचे ऊर्जा मंत्रालयाने 2023मध्येच सांगितले आहे. ग्लासगोच्या शेवटच्या तासात मसुद्यातले कोळसा ‘हद्दपार’ करणे बदलून ‘कमी’ करणे असे भारताच्या आग्रहाने लिहिले गेले. ठीक आहे, ‘कमी’ तर ‘कमी’. मग कमी कुठे आहे?

आता महाराष्ट्राकडे. सप्टेंबर 2024मध्ये महावितरणने एका खासगी उद्योगसमूहाला 6,600 मेगावॅट वीजपुरवठ्याचे इरादापत्र दिले. 5,000 मेगावॅट सौर आणि त्याला जोडून सुमारे 1,600 मेगावॅट औष्णिक, एकत्र निविदा, दर युनिटमागे 4 रुपये 8 पैसे, मुदत 25 वर्षे. नव्या औष्णिक संचातून वीज घेण्याचा हा बांधील व्यवहार 2050च्या पुढे जातो. सौरऊर्जेच्या पाटीखाली कोळशाचा करार असा आत आला. कोराडीत 660 मेगावॅटच्या दोन नव्या संचांचा प्रस्ताव आहे. मे 2023मध्ये ऐन उन्हात त्याची जनसुनावणी झाली आणि नागपूरकरांनी कडाडून विरोध नोंदवला. असे 1,320 मेगावॅट भरात चालले तर आमच्या ढोबळ हिशेबाने वर्षाला सुमारे 80 लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. हा आकडा भारताच्या वचनात कुठे बसतो, याचे उत्तर राज्य देत नाही, कारण राज्याने वचन दिलेले नाही. केंद्र देत नाही, कारण संच राज्याचा आहे. ही टोलवाटोलवी आता बंद करा.

चांगले काय चालले आहे ते आम्हाला दिसत नाही असे नाही. शेतीच्या फीडरना दिवसा सौरवीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, 16,000 मेगावॅटचे तिचे उद्दिष्ट, ही या राज्याने केलेली खरोखर मोलाची गोष्ट आहे. रात्री दोनला उठून, साप-विंचवाची भीती घेऊन मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला तिचे मोल सांगावे लागत नाही. म्हणूनच संताप येतो. जे राज्य हे करू शकते, तेच दुसऱ्या हाताने पाव शतकाचा कोळसा करारात बांधून घेते. आणि तिकडे राजस्थानात वीज उचलायला पारेषण वाहिन्या पुऱ्या पडत नाहीत म्हणून सौर प्रकल्पांना भर दुपारी निर्मिती कमी करायला सांगितले जाते.

झाडांच्या वचनाबद्दल फार लिहीत नाही. 50 कोटी वृक्षलागवडीची मोहीम या राज्याने केली, आणि त्यातली झाडे गेली कुठे हे शोधायला पुढे विधिमंडळाची समिती नेमावी लागली. एवढे पुरे.

वचन मोडण्याची किंमत पूर्वी नव्हती. आता आहे, आणि हे मंत्रालयांनी नीट वाचावे. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात म्हटले की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा संविधानाच्या 14 आणि 21 या अनुच्छेदांतून येणारा हक्क आहे. आणि या विषयावर देशात एक समग्र कायदा नाही, हेही नोंदवले. 23 जुलै 2025 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिले की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणे हे आंतरराष्ट्रीय कायद्याने गैरकृत्य ठरू शकते. उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या मुलीने 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली होती. पॅरिस कराराचे प्रतिबिंब सरकारी धोरणांत आणि पर्यावरण मंजुऱ्यांत पडत नाही असे मानायचे कारण नाही, असे म्हणून लवादाने 2019मध्ये तिचा अर्ज निकाली काढला. आज तेच गृहीतक घेऊन कोणी न्यायालयात उभे राहिले, तर कोराडीची फाईल त्याच्यापुढे ठेवता येईल. जानेवारी 2026पासून युरोपीय संघ आयात पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि सिमेंटच्या कार्बनवर आकारणी लावतो आहे. आपण घरी ज्याचा भाव घेत नाही, त्याचा भाव ब्रुसेल्स वसूल करणार. आपल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत सिमेंट आणि अ‍ॅल्युमिनियम कारखान्यांना उत्सर्जनाच्या मर्यादा आल्या, पण सर्वांत मोठा धूर सोडणारी औष्णिक केंद्रे तिच्या यादीतच नाहीत.

सप्टेंबर 2025मध्ये धाराशिव, बीड, सोलापूरची शेते पाण्याखाली गेली. ऑक्टोबरमध्ये राज्याने 31,628 कोटींची मदत जाहीर केली. एका पुराचा दोष एका चिमणीवर टाकता येत नाही, हे आम्हालाही कळते. पण 2024 हे नोंदीतले सर्वांत उष्ण वर्ष होते, तापलेली हवा जास्त बाष्प धरते, आणि अशा मदतीची तरतूद कोळशाच्या संचाच्या खर्चात कोणी धरत नाही. ‘स्वस्त’ कोळशाची किंमत ठरवताना हे 31,628 कोटी कुठल्या रकान्यात घातले, तेही सांगा.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. केंद्राने संसदेत निवेदन करावे की देशाचे एकूण उत्सर्जन आणि कोळशाचा वापर कोणत्या वर्षी शिखरावर पोचेल आणि त्यानंतर दरवर्षी किती टनांनी उतरेल. 2035साठी वचनात कोणताही टक्का लिहा, त्याच्या शेजारी टनांचा आकडा लिहा. ताजी आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करा. डिसेंबर 2024च्या अहवालात 2020चे आकडे देणे ही चेष्टा आहे. औष्णिक केंद्रे कार्बन बाजाराच्या मर्यादेत आणा. हवामान कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवा. महाराष्ट्र शासनाने ज्या नव्या औष्णिक संचांची कामे सुरू झालेली नाहीत ती थांबवावीत, प्रत्येक प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात वर्षाला किती टन वायू जाणार हे लिहावे, आणि तो पूर्ण अहवाल मराठीत द्यावा. चार पानी सारांश नको.

आणि कामगारांना पुढे करू नका. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणींतले आणि केंद्रांतले कंत्राटी मजूर हे तुमची ढाल नाहीत. संच बंद होईल तेव्हा त्यांचे काय, याचा आराखडा आजच, त्यांच्या संघटनांना बसवून करा. जुने संच बंद होताना कंत्राटी माणसाच्या हातात काय पडते, हे परळीच्या औष्णिक केंद्रावर जाऊन विचारा.

31 मार्चपर्यंत उत्तर आले नाही, तर 1 एप्रिलपासून पुढील गोष्टी होतील. प्रत्येक औष्णिक संचाच्या उत्सर्जनाची माहिती मागणारे माहिती अधिकाराचे अर्ज, आणि उत्तर टाळले तर अपिले. महावितरणच्या दरप्रस्तावावर राज्य वीज नियामक आयोगापुढे कोळशाच्या प्रत्येक नव्या करारावर लेखी हरकत. ज्या गावांच्या हद्दीत खाण, राखेचा बंधारा किंवा नवा संच येणार, त्या ग्रामसभांचे ठराव. प्रत्येक जनसुनावणीला हजेरी, शांतपणे, हातात टनांचा हिशेब घेऊन, आणि इतिवृत्तात शब्दन्‌शब्द नोंदवल्याशिवाय न हलता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका, 21 मार्च 2024च्या निकालाच्या आधारावर. यातले काहीही बेकायदा नाही. सगळे संविधानाने आणि तुमच्याच नियमांनी दिलेले आहे, म्हणून ते अडवण्याच्या भानगडीत पडू नका.

विरोधी पक्षांनीही गुदगुल्या झाल्यासारखे हसू नये. कोळशाच्या संचांना मंजुऱ्या देताना या राज्यातला प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत होता. मत मागायला याल तेव्हा हाच प्रश्न तुमच्याही पुढे ठेवला जाईल.

वाचकांना एक विनंती. तुमच्या जिल्ह्यात पुढची पर्यावरण जनसुनावणी लागेल तेव्हा वर्तमानपत्रात तिची सूचना किमान 30 दिवस आधी छापावी लागते. ती कापून ठेवा, तारीख लिहून ठेवा आणि जा. हरकत लेखी द्या, पोच घ्या.